बोर्डबाईंचा आवाज

३ मार्च २०१४ रोजी आमच्या कंपनीने चार लाख बारा हजार सहाशे पन्नास इतक्या रकमेची नवी टेलिफोन व्यवस्था मंजूर केली. जुन्या तारा जाऊन सगळे फोन इंटरनेटवरून चालणार होते. नंबर तोच राहणार, बिल निम्म्यावर येणार. फोन करणाऱ्याला आधी ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येणार, आणि त्याने सांगितलेलं बटण दाबलं की हवा तो विभाग मिळणार.

आमचा धंदा पाण्याच्या पंपांचे सुटे भाग विकण्याचा. मी हिशेब विभागात. माझ्या टेबलाला लागून काचेची एक खोली होती, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने श्वास रोखावा एवढी. तिथे टेलिफोनच्या बोर्डावर एक बाई सव्वीस वर्षं बसत होत्या. त्यांना सगळे बोर्डबाई म्हणत. मालकही तेच म्हणत आणि त्यांच्या पगाराच्या पाकिटावरही तेच लिहून येई.

त्यांच्या घरी एक धाकटा भाऊ होता. तरुणपणी तापाने मेंदूला इजा झाली, तेव्हापासून तो पन्नाशीतही सात-आठ वर्षांच्या मुलासारखा. आईवडील गेले, बाईंनी लग्न केलं नाही, आणि दोघं दोन खोल्यांत राहिली. सकाळी तांदूळ धुऊन गॅसवर ठेवून बाई कामावर येत. भाऊ दुपारी गॅस पेटवी, भात झाला की फोन करी. आख्ख्या जगातला तेवढा एकच नंबर त्याला पाठ होता.

काचेपलीकडून मला रोज तेच ऐकू येई. गॅस बंद केलास का? बघून ये. तो बघून येईपर्यंत बाई दुसरी लाइन जोडून देत. मग गॅसचं बटण दिसतंय ना आडवं, ताटात काय घेतलंस, आणि शेवटी, "आता फोन ठेव." हे शेवटचं फार महत्त्वाचं होतं. ताईने ठेव म्हटल्याशिवाय तो फोन ठेवतच नसे. एकदा बाई घाईत विसरल्या, तर दहा मिनिटांनी त्याच लाइनवर त्याचा श्वास ऐकू येत होता. यावरून ऑफिसात त्यांची थट्टा चाले. मॅनेजर म्हणायचे, "बोर्डबाई, असा आज्ञाधारक माणूस आमच्या वसुलीला द्या."

नवी व्यवस्था आली तेव्हा बाईंना काढलं नाही, हे सांगायला हवं. त्यांना माल रवानगी विभागात टेबल मिळालं, चार नंबरचं बटण. बाईंनी दोन रविवार भावाला शिकवलं. घरातल्या फोनवर चारच्या बटणाला लाल टिकली चिकटवली. शेजारणीला खालच्या दुकानातून फोन लावायला सांगत, आणि ती "बटण दाबा" म्हणाली की भाऊ लाल टिकली दाबी. जमलं. बाई सोमवारी जरा हसऱ्या चेहऱ्याने आल्या.

त्याच सोमवारी व्यवस्था बसवणाऱ्याने विचारलं, सूचनांना आवाज कुणाचा घ्यायचा? मॅनेजर म्हणाले, शोधायचं कशाला, गिऱ्हाइकांच्या कानाला सव्वीस वर्षांची सवय आहे. बाईंना बरं वाटलं. जिना चढून त्या वरच्या खोलीत गेल्या आणि एका दमात सगळं बोलून आल्या. "नमस्कार, बोला. विक्रीसाठी एक दाबा," असं करत करत शेवटी, "कृपया लाइनवर राहा. आम्ही लवकरच आपल्याशी बोलू." मानधन अडीचशे ठरलं. त्यात काय चुकलं ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, बाईंच्याही नाही.

नवी व्यवस्था सुरू झाली त्या पहिल्या दिवशी दुपारी बाईंचा फोन वाजला नाही. त्यांनी घरी लावून पाहिला, तो व्यग्र. पुन्हा व्यग्र. रवानगीच्या टेबलाशी त्या बसत होत्या आणि उठत होत्या. घरी जाऊ का म्हणून मॅनेजरांना विचारलं तर मालकांना नवी व्यवस्था दाखवायची होती, चारनंतर जा म्हणाले. मी माझ्या फोनवरून लावून पाहिला. व्यग्रच.

शेजारणीला धुराचा वास आला म्हणून ती आत गेली. भाताचा कोळसा झाला होता. भाऊ भिंतीपाशी उभा होता, रिसीव्हर कानाला घट्ट लावून. तिने गॅस बंद केला आणि त्याच्या हातातून रिसीव्हर घ्यायला गेली. तो म्हणाला, "थांब. ताई बोलतेय." तिने ओढला, त्याने ढकललं. ती उंबऱ्यावर पडली, मनगट मोडलं.

बाई पोचल्या तेव्हाही तो उभाच होता, पाय सुजून खांबासारखे. परक्या बाईचा आवाज असता तर त्याने लाल टिकली दाबली असती. पण ताई बोलत असताना बटणं कशी दाबायची? सूचना संपून पुन्हा सुरू होत होत्या, आणि दर वेळी ताई लाइनवर राहा म्हणत होती. बाई समोर उभ्या राहून "ठेव" म्हणाल्या, तेव्हा त्याने ठेवला.

शेजारणीच्या मुलांनी दोनच वाक्यांत सांगितलं. याला इथून हलवा, नाहीतर आम्ही पोलिसात जातो. घरमालक त्यांच्या बाजूने होता. महिनाअखेरीस भावाला गावाबाहेरच्या एका संस्थेत ठेवावं लागलं. घर सोडताना त्याने फोन उचलून बरोबर घेतला, तारेसकट.

संस्थेतल्या लोकांना लवकरच समजलं की दुपारी त्याला तो नंबर लावून दिला की तासभर त्रास देत नाही. इकडे आमची एक लाइन रोज तेवढा वेळ अडकू लागली. मॅनेजरांनी बाईंना बोलावलं. बाई म्हणाल्या, शेवटी माझा एक शब्द घाला. मॅनेजर म्हणाले, "गिऱ्हाइकाला 'ठेव' म्हणायचं?" बाई टेबलासमोरून हलल्या नाहीत. शेवटी मॅनेजरांनीच व्यवस्था बसवणाऱ्याला फोन लावला.

आता दोन मिनिटं कुणी बटण दाबलं नाही, तर आमच्याकडे "आता फोन ठेव" असं ऐकू येतं आणि लाइन तुटते. काही गिऱ्हाइकं हसतात. एक रागावून आलाही होता.

बाई रविवारी भावाला भेटायला जात. एकदा मीही गेलो होतो. बाकावर तो आमच्यामध्ये बसला होता. बाई त्याला म्हणाल्या, मला ताई म्हण. त्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, "ताई फोनवर असते."

बाईंनी पुढच्या महिन्यात नोकरी सोडली. संस्थेजवळ खोली घेतली, एवढं कळलं. त्यांचा आवाज अजून आमच्याकडे चालू आहे. मानधनाचे अडीचशे खर्चाच्या कुठल्या खात्यात टाकायचे हे ठरलं नाही. ते त्यांना अजून द्यायचे आहेत.