मोठे दाणे आधीचे

आसेगावच्या शाळेत मी भूगोल शिकवायचो. शेजाऱ्याच्या विहिरीतून निघालेल्या काळ्या दगडात बोटाच्या पेराएवढे पांढरे स्फटिक होते. लाव्हा बाहेर येऊन थंडावल्यावर ते झाले, असं मी जमलेल्यांना सांगत होतो. तेव्हा बायको म्हणाली, "पाक हळू थंडा झाला त खडीसाखर मोठी होते, लवकर झाला त बारीक. हे मोठे दाणे जमिनीतच झाले असतीन, मंग वर आले."

"मास्तरीणबाई, उद्यापासून माह्या वर्गावर तुमीच जा," मी म्हणालो. सगळे हसले. पुढे माझ्या बोलण्यात तिने कधी भर घातली नाही.

यंदा नातीच्या पुस्तकात वाचलं. शिलारस खोल जमिनीत सावकाश निवत असताना मोठे स्फटिक वाढतात. तो झपाट्याने वर चढू लागला की असंख्य बारीक तयार होतात. म्हणजे तेव्हा बायकोचंच बरोबर होतं.

ती तूर निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, चूक माझी होती म्हणालो.

"असंन. मले काय समजते त्याच्यातलं," ती म्हणाली.

मी पुन्हा समजावून सांगितलं. वर्गातल्या मुलीसारखी ती नुसती मान हलवत राहिली.