पानी म्हनलं की लाल फुली

पानी म्हनलं की पानी भेटतं का न्हाई, तेवढं सांगा मला. अठ्ठावीस वर्सं मी अहमदपुरात अंगनवाडी चालवली. लेकरं दारातूनच "बाई, पानी" म्हनून वरडायची आन् मी तांब्या भरून द्यायची. कुनाचं कुठं अडलं न्हाई. अडलं ते माझ्या शेजारच्या शिवकांताचं, आन् त्यात माझाबी हात हाय. म्हनूनच सांगून राहिले.

शिवकांता जळकोटकडची. बाप पिठाची गिरनी चालवायचा. पोरगी हुशार. लातूरला ऱ्हाऊन बालवाडीचा कोर्स केला, तिथंच एका इंग्रजी शाळेत लहान गटाला शिकवायची नोकरी लागली. बापानं गल्लीभर पेढे वाटले. बाराव्या दिवशी पोरगी बॅग घेऊन परत घरी! काय झालं, तर कुन्या आईनं तक्रार केली, "तुमच्या मॅडम पाण्याला पानी म्हणतात. आमच्या मुलांचे उच्चार बिघडतील." मोठ्या बाईनं तिला आफिसात बोलावलं आन् सगळ्यांसमोर दहा वेळा पाणी म्हनायला लावलं. दहाच्या दहा वेळा पानीच निघालं. भेदरलेल्या मानसाची जीभ वळती का कवा? मुडदा बशिवला त्या बाईचा!

मग इथल्या वीरेशसंग लगीन झालं. त्याचं मोंढ्याच्या बाजारात पाइपाचं दुकान हाय. गडी गरीब, बायकोच्या शब्दाभाईर न्हाई. पन शिवकांताच्या मनातलं ते काही जाईना. भांडी घासताना जीभ टाळूला लावून म्हनत बसायची, "पाणी, लोणी, गाणी." चार-पाच वर्सांत बसला तिचा ण. गल्लीतल्या बाया तिला "पुन्याची बाई" म्हनून चिडवायच्या. मीबी चिडवलं, खोटं कशाला बोलू?

तिची मंजुश्री साडेतीन वर्सांची झाली तवा निस्ती चिवचिव. घटकाभर तोंड बंद न्हाई. मला बगितलं की सुरू. "केवळा आजी, तुजी मांजर कुटं गेली? केवळा आजी, पानी दे." ते पानी ऐकलं की शिवकांताचं तोंड एवढंसं व्हायचं.

दिवाळी झाली आन् तिनं टॅब आनला. लेकरांना शिकवायची ॲप उतरवून घ्यायची, आठ आठ दिवस वापरून बगायची. एकात मधीच पत्त्याच्या खेळाची जाहिरात यायची, ते काढलं. एक सगळं हिंदीत, तेबी काढलं. शेवटी दोन उरली. एकात निस्त्या गोष्टी ऐकायच्या. दुसऱ्यात चित्र दिसायचं, लेकरानं त्याचं नाव बोलायचं, आन् पडद्यावरची मैना ऐकून सांगायची, बरोबर का चूक. टॅब घेऊन माझ्याकडं आली.

"केवळामावशी, तुम्ही इतकी मुलं सांभाळलीत. यातलं कोणतं ठेवू?"

आताशा मला कोन काय इचारतंय? फुगले की मी! चष्मा लावला, दोन्ही बगितल्यासारखं केलं आन् ऐटीत म्हनलं, "जे लेकराला बोलतं करतं, ते ठेव." जळली माझी जीभ.

मंजू चित्र बगून वरडायची, "पानी!" मैना गोड गोड आवाजात म्हनायची, "चुकलं हं! पुन्हा बोल बघू." आन् लाल फुली. पानी, फुली. लोनी, फुली. रोज सकाळी अर्धा तास हेच. वरून शिवकांतानं घरात नेम केला, पाणी म्हनल्याबिगर पेला द्यायचा न्हाई. मारलं न्हाई, वरडली न्हाई. पेला धरून हासत उभी ऱ्हायची, "बोल राणी, पा-णी."

होळी येईपतूर पोरगी बोटावर आली. भूक लागली, डब्याकडं बोट. तहान लागली, माठाकडं बोट. माझ्याकडं आली तर मांजरीजवळ मुकी बसायची. मला राग आवरंना. म्हनलं, "शिवकांता, बंद कर गं ती मैना! माझ्या अंगनवाडीतली लेकरं पानी पानी म्हनतच मोठी झाली. काय वाईट झालं त्यांचं?"

तिनं मान वर केली न्हाई. "मावशी, मला बाराव्या दिवशी काढलं. हिला कुणी काढू नये."

मी घरी आले. तवाच टॅब हिसकून घ्यायला पायजे होता.

एप्रिलात उन्हानं नुसती लाही होत होती. शिवकांता गच्चीवर कुरडया घालत होती, मंजू खाली. तिनं वरून दोन डाव हाक मारली, "मंजू, काही पाहिजे का?" उत्तर न्हाई. खेळत असंल, असं वाटलं. खाली आली तर पोरगी माठाच्या तिवईखाली पडलेली, हातात रिकामा पेला, व्हट पांढरे. शिवकांताची किंकाळी ऐकून मी धावले. वीरेशनं गाडीवर दवाखान्यात नेलं, सलाईन लावली. डाक्टर इचारतो, "सकाळपासून पाणी मागितलंच नाही हिनं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकरू घरी आलं. शिवकांतानं माझ्यासमोर मैना काढून टाकली, टॅब कपाटात कोंबला. पेला भरला, मंजूच्या पुढ्यात बसली. डोळ्याला धार लागलेली. इतक्या वर्सांची तालीम कुठं गेली कुनास ठाऊक.

"घे गं माय माझी. पानी पी. पानी."

मंजूनं पेल्याकडं बगितलंच न्हाई. आईच्या तोंडाकडं बगितलं, मान हालवली, आन् त्याच गोड गोड आवाजात म्हनाली, "चुकलं हं! पुन्हा बोल बघू."

महिन्याभरात लेकरू पैल्यांदाच एवढं सलग बोललं.

शिवकांता पुन्हा बोलली. पानीच निघालं. पुन्हा बोलली, पुन्हा पानीच. मंजू पेल्याला हात लावंना, आन् ती आपली म्हनतच ऱ्हायली.