पप्पा ड्युटीवर आमच्या वर्गात आले

माझे वडील पोलीस खात्यात हवालदार होते. मी दहावीत असताना त्यांची नेमणूक प्रवरेकाठच्या एका मोठ्या गावातल्या चौकीत होती. चौकी नगर-मनमाड रस्त्यावरच. तिच्या मागच्या गल्लीत आम्ही भाड्याने राहायचो, आणि रस्ता ओलांडला की माझी शाळा. सकाळी पप्पा चौकीकडे वळायचे, मी शाळेकडे. दोघांच्याही अंगावर गणवेश. आई दारातून म्हणायची, "निघाली दोन सरकारी माणसं."

पोलिसाची मुलगी म्हणून शाळेत मला वेगळं काही मिळत नव्हतं. फक्त मुलं भांडत असताना मी जवळून गेले की त्यांचा आवाज जरा खाली यायचा. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी आमच्या वर्गाचं नाव खराब झालं होतं. पंख्याची पाती वाकवायची, खडू उमटू नये म्हणून फळ्याला मेणबत्ती घासून ठेवायची, मधल्या सुट्टीनंतर अर्ध्या वर्गाने पसार व्हायचं, असं रोज काहीतरी चालायचं. शिक्षकांना मुलांवर हात उचलायला बंदी होती आणि हात न उचलता वर्ग कसा सांभाळायचा, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. "आमचे हात बांधलेत," असं हेडसर प्रार्थनेनंतर माइकवरून ऐकवायचे. मुलं ते ऐकून खूश व्हायची.

थंडीच्या दिवसांत कुणीतरी विज्ञानाच्या सरांच्या मोटारसायकलची सीट ब्लेडने फाडली. या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर, आतला स्पंज बाहेर आलेला. सर स्वभावाने गरीब. ते कुणाला काही बोलले नाहीत, सीटवर गोणपाट टाकलं आणि घरी गेले. हेडसर मात्र पेटले. दुसऱ्या दिवशी दुपारी मराठीचा तास चालू असताना ते वर्गात आले आणि त्यांच्या मागून माझे पप्पा.

मी पप्पांना खाकीत रोज बघत होते. पण वर्गाच्या दारात ते उभे राहिले तेव्हा ते मला कुणीतरी दुसरेच वाटले. टोपी डोक्यावर, काठी हातात. त्यांनी सगळ्या वर्गावरून नजर फिरवली. मुलींच्या रांगेशी आली तशी ती नजर वरून गेली, जशी काय त्या बाजूला भिंतच होती.

"शिट कुणी फाडली?"

पप्पा बाकांच्या मधून चालत मागे गेले. जाताना प्रत्येक बाकावर काठी टेकवत होते. मागच्या बाकावर एक उंच मुलगा बसायचा. आई-वडील लांब, हा शिकायला मामाकडे राहिलेला. मामाचा भाजीपाल्याचा टेम्पो होता. मुलगा कबड्डीत चांगला, अभ्यासात बेताचा. पप्पा त्याच्यासमोर थांबले आणि तो हसला.

तो घाबरला की हसायचा. आठवीत वक्तृत्व स्पर्धेत भाषण विसरला तेव्हाही असाच हसत उभा राहिला होता. वर्गाला हे माहीत होतं. पप्पांना कुठून माहीत असणार?

"हसतोस व्हय रं?"

पप्पांनी त्याच्या कानाखाली मारली. एकच. पण तो आवाज मी आजही वर्णन करून सांगू शकणार नाही. मुलगा शेजारच्याच्या अंगावर पडला आणि लगेच सरळ होऊन बसला. त्याचं हसू अजून तोंडावर तसंच होतं. ते पुसायचं त्याला सुधरत नव्हतं.

हेडसर दारातून म्हणाले, "बघितलं ना सगळ्यांनी? लक्षात ठेवा आता."

मराठीच्या बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या. वर लिहिलेली तारीख त्यांनी पुसली आणि परत तीच तारीख लिहिली.

दोघं गेल्यावर वर्गात इतकी शांतता होती की रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॅक्टरवरचं गाणं शब्दन्‌शब्द ऐकू येत होतं. वर्षभरात आमचा वर्ग कधी इतका गप्प बसला नव्हता. हेडसरांना हीच शिस्त हवी असणार. तास संपला, मुलं बाहेर गेली, आणि माझ्या बाकावरची मैत्रीण दप्तर उचलून पुढच्या बाकावर जाऊन बसली. ती रागावली नव्हती. तिने फक्त जागा बदलली.

घरी संध्याकाळी पप्पा आले, पट्टा काढून खुंटीला लावला, हातपाय धुतले आणि जेवायला बसले. मी ताटावर बसले, पण घास उचलला नाही.

"काय झालं हिला?" त्यांनी आईला विचारलं.

मी म्हणाले, "तुम्ही त्याला का मारलं?"

"हसत हुतं ते. समोर पोलीस उभा हाय आन् हसतंय."

"तो हसत नव्हता."

"मग रडत हुतं का?" त्यांनी भाकरी मोडली. "दोन दिल्याबिगर पोरं सरळ हुत न्हाईत. आमाला मास्तर निरगुडीच्या फोकानं सोलायचा. म्हनून तर भरती झालो, न्हाईतर बसलो असतो गावाकडं खर्ड्याला ढेकळं फोडत."

"मला कधी मारलं तुम्ही?"

खरंच, त्यांनी मला कधी बोटही लावलं नव्हतं. लहानपणी मी त्यांची सरकारी टोपी पाण्याच्या बादलीत बुडवली होती, तेव्हाही नाही.

"वर्गात तुम्ही माझ्याकडे बघितलं पण नाही," मी म्हणाले.

बराच वेळ ते ताटातल्या आमटीत बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "बघितलं असतं तर हात उचलला नसता."

आई म्हणाली, "जेवा आता दोघं बी." आम्ही जेवलो. पण ते वाक्य माझ्या घशाखाली उतरलं नाही. म्हणजे हात उचलायचा की नाही हे समोरच्या मुलाने काय केलं यावर नव्हतंच तर. आपण कुणाकडे बघतो आणि कुणाकडे बघायचं टाळतो, यावर होतं. तेव्हा मला हे असं मांडता आलं नसतं.

तो मुलगा त्यानंतर शाळेत आला नाही. काही दिवसांनी कळलं की त्याच्या डाव्या कानातून पाणी येत होतं, मामाने मोठ्या दवाखान्यात दाखवलं आणि पडदा फाटल्याचं निघालं. मामाने थेट वरच्या साहेबांकडे तक्रार केली. गावातल्या चार लोकांनी समजावून बघितलं, पण टेम्पोवाला मामा हटला नाही. "सर चुकला असता तर इसरलो असतो," तो म्हणायचा म्हणे, "पर शाळंत पोलीस आला कशाला? माझा भाचा काय दरोडा घालून आल्ता का?"

चौकशीला दुसऱ्या ठाण्यातल्या एक महिला अधिकारी येणार असं ठरलं. आदल्या दिवशी हेडसरांनी वर्गात येऊन आम्हाला समजावलं. दहावीचं वर्ष आहे, कोर्टकचेरीत अडकू नका, ज्याला काही दिसलं नसेल त्याने तसं सरळ सांगावं. 'बघितलं ना सगळ्यांनी' म्हणणारेही हेच होते. मी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कुणालाच त्यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही. मोठी माणसं असं बोलतात, एवढंच.

घरी आईने दार लावून घेतलं आणि माझा हात धरला. "तू म्हण, मी पानी प्यायला गेल्ते. कोन बघतंय? बापाच्या पोटावर पाय देशील का?"

पप्पा आतल्या खोलीत गणवेशाला इस्त्री करत होते. त्यांनी सगळं ऐकलं. सकाळी मी दप्तर भरत असताना ते दारात येऊन उभे राहिले.

"काय सांगनार हायस?"

"जे झालं ते."

मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी भिंतीला हात टेकवला. म्हणाले, "मग नीट सांग. जेवढं बघितलं तेवढंच. आंदाजानं बोलू नगो. उजव्या हातानं मारलं का डाव्या, ते बी इचारतील. माझं तोंड आठवून काय सोडू नगो आन् काय वाढवू बी नगो."

आई रडायला लागली. पप्पांनी टोपी घातली आणि रोजच्यासारखे चौकीकडे गेले.

चौकशी प्रयोगशाळेत चालली होती. आम्ही बाहेर ओळीत उभे. आत जाऊन आलेली मुलं, आपण काय सांगितलं ते एकमेकांना ऐकवत होती. एकाचं पेन तेवढ्यात बाकाखाली पडलं होतं. दुसराही पेनच शोधत होता. मुलींपैकी एकीच्या डोळ्यांत कचरा गेला होता. मला हसू आलं आणि लगेच भीती वाटली, की मीही घाबरले की हसणाऱ्यांपैकी आहे की काय.

आत त्या मॅडम, एक लिहून घेणारा पोलीस शिपाई आणि मुलांसोबत कुणीतरी हवं म्हणून बसवलेल्या आमच्या मराठीच्या बाई. मी नाव सांगितलं. मॅडमनी वर बघितलं.

"हवालदार तुझे कोण?"

"वडील."

त्यांनी शिपायाला हाताने थांबवलं. "तू नाही सांगितलंस तरी चालेल, बाळा. तुझ्यावर कुणी जबरदस्ती करणार नाही."

"मला सांगायचंय."

मी सांगितलं. कुठे बसले होते, काय दिसलं, कुठल्या हाताने. मुलाने आधी काय केलं असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, तो हसला, पण तो घाबरला की हसतो. "हे तुला कसं माहीत?" मी भाषणाची गोष्ट सांगितली. तेव्हा मराठीच्या बाई मधेच बोलल्या, "खरंय ते. मीच बसवलं होतं ते भाषण." त्यांचा जबाब आधीच घेऊन झाला होता, त्यात त्यांनी काय सांगितलं होतं कोण जाणे. मॅडम म्हणाल्या, "बाई, मग तुम्ही जरा परत बसा माझ्यासमोर."

पप्पांना खात्याकडून शिक्षा झाली आणि बदली थेट अकोले तालुक्यात, पार डोंगरात. परीक्षा होईपर्यंत आई आणि मी गावातच राहिलो. आई माझ्याशी कामापुरतं बोलायची. पप्पा जायच्या दिवशी एसटीत बसवायला मी गेले तर ते उसाचा रस पाजायला घेऊन गेले आणि अभ्यास कसा चाललाय ते विचारत राहिले. दुसऱ्या कशाचा विषय त्यांनी काढला नाही. हेडसरांना काही झालं नाही. सीट कुणी फाडली तेही कधी कळलं नाही. पुढच्या महिन्यात हेडसरांच्याच गाडीची हवा कुणीतरी सोडली.

तो मुलगा परत शाळेत आला तेव्हा बाईंनी त्याला पुढे बसवलं, म्हणजे उजव्या कानाला ऐकू येईल. एकदा मधल्या सुट्टीत तो माझ्याकडे भूगोलाचे नकाशे मागायला आला. नकाशे घेतले आणि गेला नाही, उभाच राहिला.

"तुझ्या पप्पाला लय लांब टाकलं का?"

"अकोल्याला."

"तिकडं भात हुतो म्हनं." मग जरा थांबून म्हणाला, "जायच्या आधी आमच्याकडं आल्ते. साध्या कपड्यात."

हे मला माहीतच नव्हतं. "काय म्हणाले?"

"काय न्हाई. मामीनं पानी दिलं, ते पिले. मामा त्यांच्याशी बोललाच न्हाई. लई येळ बसले. मग मला म्हनले, आंघुळीला कानात कापसाचा बोळा घालत जा."

"तू काय म्हणालास?"

"मी व्हय म्हनलो." आणि तो हसला. या वेळी कशाने, ते मला कळलं नाही.

आता मी स्वतः शिक्षिका आहे, याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. वर्ग आठवी. मी काही फार शांत बाई नाही. कधी कधी तळहात इतका शिवशिवतो की मी हात साडीच्या पदरात गुंडाळून घेते. पालक येतात आणि म्हणतात, मॅडम, द्या दोन ठेवून, आमची काही तक्रार नाही. एका बैठकीत एकांनी सुचवलं, महिन्यातून एकदा पोलिसांना बोलवा, वर्गातून नुसती चक्कर मारू दे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नको म्हणाले. का, असं त्यांनी विचारलं. वडिलांची गोष्ट तिथे कशी सांगणार? मी एवढंच म्हणाले, की ज्याला मुलांची नावं माहीत नाहीत त्याच्या हातात मी वर्ग देणार नाही.

पप्पा आता निवृत्त होऊन गावाकडे असतात. संध्याकाळी त्यांचा फोन येतो. परवा मी त्यांना सांगितलं की माझ्या वर्गातल्या एकाने दुसऱ्याला कंपास फेकून मारला.

"मग काय केलंस?"

"बाहेर नेलं. व्हरांड्यात बसून बोलले."

"सुधारला का?"

"नाही. आज पट्टी फेकली."

पलीकडून त्यांचं हसणं ऐकू आलं. "आन् आता?"

"उद्या परत बोलेन."

"कटाळशील गं पोरी."

"कंटाळतेच की," मी म्हणाले.

मग ते त्या मुलाचे आई-बाप काय करतात, तो बसतो कुठल्या बाकावर, शेजारी कोण असतं, असं एकेक विचारत बसले.