वाचा, भावजी

जिजी बावन्नाव्या वर्षी गाडी चालवायला शिकली, ती कुठं जायचं होतं म्हणून नव्हे. गाडीच्या विम्याच्या कागदात एक ओळ असते: गाडी चालवताना मालक अपघातात गेला तर त्याच्या घरच्यांना पंधरा लाख रुपये. पण मालकाकडं लायसन नसेल तर ती ओळ असून नसल्यासारखी, असं तिला कुणीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आली. पदर कमरेला खोचून, ओठ घट्ट मिटून ती केजच्या बाजार मैदानावर पहिल्या गिअरमध्ये फेऱ्या मारायची, तेव्हा भाजीवाल्या बाया पाट्या उचलून बाजूला होत. लायसन हातात आल्यावर तिनं ते नानांच्या फोटोखाली ठेवलं.

जिजी माझी थोरली चुलती. तिला मूलबाळ नव्हतं, मी तिच्याच घरी वाढलो. नाना, म्हणजे तिचे मालक, यांचं केजला बियाण्यांचं दुकान होतं. सात वर्षांपूर्वी संकष्टीला ते एकटेच लिंबागणेशला दर्शनाला गेले. परत येताना म्हैस आडवी आली, नानांनी गाडी वळवली आणि ती चिंचेच्या झाडावर आदळली. त्यात नाना गेले. समोरून दुसरी गाडी नव्हती, त्यामुळं दुसऱ्या कुणाकडं भरपाई मागायची सोय नव्हती. राहिला आपलाच विमा. कंपनीनं गाडीच्या दुरुस्तीचे पैसे दिले, माणसाचे दिले नाहीत. कागदावर ती ओळच नव्हती. मालकाचा अपघाताचा वेगळा विमा आहे, सबब इथं नको, असं कंपनीला लिहून दिलेलं होतं. नानांचा असला वेगळा विमा जगात कुठंही नव्हता. ते लिहून देणारा एजंट होता भागवत, नानांचा शाळेपासूनचा मित्र.

ते कसं झालं हे मला माहीत आहे, कारण मी तिथंच बसलो होतो. नानांना भाव पाडल्याशिवाय चैन पडत नसे. कोथिंबिरीच्या जुडीपासून गाडीच्या विम्यापर्यंत त्यांचं एकच पालुपद. ओट्यावर पाय पसरून ते म्हणाले, "भागवत्या, कावून एवढं बे? लई होतंय. काय तरी उडव त्यातलं." भागवतकाकांनी मोबाइलवर दोनदा बोट फिरवलं आणि चारपाचशे रुपये उतरवून दाखवले. काय उडवलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि नानांनी विचारलं नाही. भागवतला कसा वाकवला हे सांगत नाना आठवडाभर बाजारात फिरले. मीही हसलो होतो.

दहावं झाल्यावर जिजीनं भागवतकाकांना बोलावून एवढंच विचारलं, "भावजी, ती ओळ कुणी काढली?" काकांनी चष्मा पुसला. म्हणाले, "वहिनी, ते सिस्टिमनं आपोआप घेतलंय. माझ्या हातात काय नसतंय." जिजी रडली नाही की ओरडली नाही. "बरं," म्हणाली आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेली. त्या दिवसापासून तिला जगात एकच गोष्ट हवी होती: या माणसानं चार लोकांसमोर आपल्या तोंडानं म्हणावं, की ती ओळ मी काढली. पैसे नकोत, कोर्टकचेरी नको. फक्त तेवढं वाक्य.

विम्याची मुदत दिवाळीनंतर संपायची. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं गेलेल्या असायच्या, निम्मी गल्ली कुलपात असायची, तरी त्या दिवशी आमच्या ओट्यावर जागा पुरत नसे. जिजी शेजारपाजारच्यांना आठवण करून बोलवायची, मी खुर्च्या मांडायचो. एका बाजूला दिंद्रुडची सुनीता बसायची, तीही विम्याचं काम करणारी, मोजकं बोलणारी बाई. दुसऱ्या बाजूला भागवतकाका. मधे जिजी. नाना भाव पाडायचे ते गमतीनं. जिजी पाडायची ते सूड म्हणून. "अजून?" एवढाच शब्द ती वापरायची. काका आकडा उतरवायचे. "अजून?" काका घाम पुसायचे. "वहिनी, माझं कमिशनसुद्धा सोडलं आता." मग जिजी म्हणायची, "बरं. आता वाचा, भावजी."

कागद इंग्रजीत, अर्थ मराठीत सांगायचा, आणि एकही ओळ गाळायची नाही. इंजिन नंबर, चासी नंबर, काचेचं काय, रबराचं काय. सगळी गल्ली ऐकत बसलेली. ती ओळ आली की काकांचा आवाज खाली जायचा. "परत वाचा, भावजी," जिजी शांतपणे म्हणायची, "मागच्यांला ऐकू गेलं न्हाई." काका परत वाचायचे. ती थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडं बघत राहायची. ते वाक्य काही यायचं नाही. मग ती सुनीताकडं हात करायची, "आण गं तुझा कागद." सुनीताचा आकडा काकांपेक्षा जास्तच असायचा, तरी सही तिच्याच कागदावर व्हायची. काका चहा अर्धा टाकून चपला शोधायला लागायचे. त्या चपला मीच आधी ओट्याखाली लांब सरकवून ठेवलेल्या असत. शोधू द्या वाकून, असं मला वाटायचं, आणि आजही त्याची लाज वाटत नाही.

दुसऱ्या वर्षी ते आलेच नाहीत. जिजीनं तासभर वाट पाहिली, लायसन घेतलं, गाडी काढली. तहसीलसमोर काकांच्या ऑफिसच्या दाराला आडवी लावली आणि हॉर्नवर तळहात ठेवून दिला. तहसीलमधली माणसं दाखले सोडून बाहेर आली. काका आले तेव्हा तिनं काच खाली केली. "मुदत संपायलीय, भावजी. वाचायला येता न्हवं?" नव्या लायसनवर ती पहिल्यांदा रस्त्यावर आली ती अशी. त्यानंतर काका दर वर्षी न चुकता, न बोलावता यायला लागले.

तिनं एकदाही त्यांना अरे म्हटलं नाही. भावजी, बसा, पाणी घ्या, साखर कमी हाय का. तिनं असा मान राखणं हाच त्यांना मोठा मार होता. मी एकदा चिडून म्हणालो, "जिजी, तू ह्या माणसाला घरात कशाला घेतेस?" ती म्हणाली, "घरात कुठं घेतलाय? ओट्यावर बसवलाय. उंबऱ्याच्या आत न्हाई आला अजून." खरंच, नाना होते तेव्हा थेट स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवणारा हा माणूस सात वर्षांत ओट्याच्या पुढं आला नाही.

यातून एक झालं, जे जिजीच्या मनातही नव्हतं. दर वर्षी ऐकून ऐकून गल्लीतल्या प्रत्येकाला ती ओळ पाठ झाली. जीपवाले, टेम्पोवाले विमा काढताना आधी तीच विचारायला लागले. भागवतकाकांनी तर धसकाच घेतला. कुणी कितीही घासाघीस केली तरी ती ओळ उडवायला ते तयार होत नसत, गिऱ्हाईक उठून गेलं तरी चालेल. मागल्या साली एक जीपवाला मांजरसुंब्याच्या घाटात अपघातात गेला, तेव्हा त्याच्या बायकोला सगळे पैसे मिळाले. तो विमा काकांनीच काढलेला होता. मी जिजीला म्हणालो, "सुधारला की तो आता." तिनं निवडत असलेल्या शेंगांवरून मान वर केली नाही. "सुधारला म्हणून सोडू व्हय? सुधारला तो ह्या ओट्यामुळंच. सोडला की बिघडंल."

एकदाच मी तिला दुखेल असं बोललो. म्हणालो, "पण काय तरी उडव असं नानाच म्हणाले होते." ती म्हणाली, "मला ठावं हाय. आतून ऐकलं होतं मी. नानाचा हिशेब मी वर गेल्यावर करीन, त्यांलाबी सोडणार न्हाई. भावजीचा हितंच व्हायला पायजे." एवढं बोलून तिनं फोटोकडं पाहिलं, आणि मला नानांची थोडी काळजीच वाटली.

या श्रावणात जिजी गेली. तापाचं निमित्त झालं, चार दिवस बीडला दवाखान्यात होती. शेवटच्या दिवशी तिनं विचारलं, "मुदत कवा संपते रं?" मी सांगितलं. "बलव त्यांला," म्हणाली. स्मशानात भागवतकाका लांब, लिंबाखाली उभे होते. पुढं यायचं धाडस त्यांना झालं नाही आणि मीही बोलावलं नाही.

गाडी आता माझ्या नावावर आहे. दिवाळी झाली, टोळ्या गेल्या. जिजीनं सांगितलं होतं, तरी मी कुणालाही निरोप दिला नव्हता. खुर्च्याही मांडल्या नव्हत्या. सुनीता तेवढी कागद घेऊन आली होती, आणि सवयीनं चार शेजारी ओट्यावर टेकले होते. तेवढ्यात भागवतकाका आले. आपल्या जागेवर बसले, चष्मा लावला, कुणी न सांगता वाचायला लागले. इंजिन नंबर, चासी नंबर, काच, रबर. जिजीची खुर्ची मधे रिकामी होती, ते तिच्याकडंच तोंड करून वाचत होते. ती ओळ आली तसे थांबले. कागद खाली ठेवला.

"ती ओळ मी काढली होती," ते म्हणाले. "सिस्टिमनं न्हाई. तुझे नाना पैसे कमी कर म्हणाले आन् मी उडवली. सांगितलं न्हाई. वहिनीला सांगायचं होतं रे. दर साली यायचो ते सांगायचं म्हणूनच यायचो."

सात वर्षं जिजीनं ज्याची वाट पाहिली ते वाक्य हेच. ती असती तर काय म्हणाली असती, मला माहीत नाही. कदाचित उठून त्यांना आत नेलं असतं, पाटावर बसवलं असतं. सुनीतानं डोळ्याला पदर लावला होता. शेजारी माझ्याकडं बघत होते, आता मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवीन म्हणून.

मी जिजीच्या खुर्चीत जाऊन बसलो.

"परत म्हणा, काका," मी म्हणालो. "मागच्यांला ऐकू गेलं न्हाई."