अस्वलाच्या वाट्याचं झाड
मोहफुलांचा वास आला की मुरबाडच्या डोंगरातली एक सकाळ आठवते. अस्वलं दिसतील अशा जागा शोधत आम्ही मित्र गाडीने हिंडत होतो. गाडी रस्त्यावर थांबवून चौकशीला मी एकटाच वर पाड्याकडे गेलो. फुलं वेचणाऱ्या म्हातारीने एका मोहाखालचा सडा तसाच ठेवला होता. खोडावर नखांचे ओरखडे होते. "ह्यो अस्वलाचा वाटा. त्याचं त्याला ठेवलं का आमच्या अंगावर येत नाय," ती म्हणाली. "तुमच्या गाड्या आल्या तर बिथरंल, आन् पहाटचं हितं आमीच येतो ना रे!" खाली येऊन मित्रांना सांगितलं, इथे अस्वल नाही. 'खरं तेच बोला' अशी पत्रकं वाटत लहानाचा मोठा झालेला मी सरळ खोटं बोललो. "अख्खी सकाळ फुकट घालवलीस," ते चिडले. पुढच्या सहलीला मला बोलावलं नाही. आजही बोलावत नाहीत, आणि मीही खरं सांगितलेलं नाही.