तिसरी चुंबळ

नाथाजीतात्याला गढ्यांचा नाद होता. दारूचा असता तर घरच्यांनी सोडवला असता. याला औषध नव्हतं.

मेढ्याकडच्या पाव्हण्यांना किल्ला म्हटलं की डोंगर आठवतो. आमच्या कृष्णाकाठाला डोंगर कुठला आणायचा? सपाट काळं रान, नजर जाईल तिथवर ऊस. मग जुन्या पाटील-देशमुखांनी मातीचीच उंची केली, भोवतीनं जाडजूड भिंत घातली, कोपऱ्याला बुरूज चढवले आणि आपली बायकापोरं आत घेतली. ती गढी. गावागणिक एक असतेच. बहुतेक पडलेल्या, वर निवडुंग, खाली शेळ्या.

तात्या फौजेत खंदक खणणाऱ्या पलटणीत होता. पेन्शनीवर आला, ऊस लावला, पण डोळा फौजेतलाच राहिला. गढी दिसली की सायकल टेकवायची, भोवतीनं फेरी मारायची आणि स्वतःशीच विचारायचं, "ही कशी घ्यायची?" घ्यायची म्हणजे लढून. फिरून फिरून त्याचा सवाल एकच, "आत पानी कुठनं येत हुतं?" पाणी तोडलं की गढी पडली, असं त्याचं गणित.

भावकीत कुणासाठी पोरगी बघायला जायचं असलं की तात्या न बोलावता तयार. गाव नवं, गढी नवी. एकदा तर पोहे संपले, पोरगी आत गेली, तरी नवऱ्या मुलाचा हा चुलता परसाकडनं परत येईना. माणसं धाडली, तर हा मागच्या बुरजावर बसलेला. गावात कुणी गढीची माती नेली की तात्या अंगावर जायचा. त्याचा चुलतभाऊ अर्जुना घराच्या धाब्यावर टाकायला दोन पाट्या पांढरी माती घेऊन निघाला, तर भर रस्त्यात पाटी उलटी केली. "भित हाय ती! खत न्हवं!"

सगळ्या बघून झाल्या, एक राहिली. काळडोहची. ती अख्खी होती आणि आत माणसं राहत होती. मालक नानासो. त्यांनी तात्याला तीनदा दारातनं माघारी लावला होता. "गढी काय जत्रंतला पाळना हाय व्हय, कुनीबी यावं आन बगावं?"

आणि चौऱ्याण्णव साली त्याच नानासोंच्या धाकट्याची, विश्वजीतची, तात्याच्या राजेश्वरीला मागणी आली.

"आवं, पोरगा बगितला न्हवं नीट?" बायकोनं, रंगुबाईनं विचारलं.

"बगितला की. लय जाड हाय."

"कोन, पोरगा?"

"भित गं."

राजेश्वरी बारावी झालेली. जिभेला बापासारखीच. पोरगा तिला आवडला होता, तसं तिनं आईला सांगितलंही होतं. आम्ही भावकीतले चौघं घर बघायला निघालो, तेव्हा ती दारात आली आणि एवढंच म्हणाली, "आबा, घर बगून या. गढी नगा बगू."

काळडोहला नानासो फेटा बांधून दरवाजात उभे. "या पाव्हनं. आता तुमाला कोन अडिवतंय?"

तात्यानं चपला काढायच्या आधी भिंतीला हात लावला. चहा निवला, तरी तो सोप्यात टेकेना. शेवटी नानासोच उठले आणि दाखवायला लागले. हा बुरूज, ही तोफेची जागा, या जंग्या. भिंतीतल्या त्या भोकांतनं बंदूक रोखायची. तात्या पोटावर पालथा पडून एका जंगीतनं बघायला लागला. "उठ रं," अर्जुना हळूच म्हणाला, "नवी इजार हाय." तात्याला कुठली शुद्ध!

चौकात आड होता. तात्यानं खडा टाकला. टक्क वाजलं. कोरडं.

"आटला?"

"आज्याच्या वक्ताला."

"मग पानी?"

"येतंय की," म्हणून नानासो दुसऱ्या बुरजाकडं वळले.

तात्या वळला नाही. तो मागल्या अंगाला गेला. तिथं दिंडी होती, वाकून जायचं छोटं दार. बाहेर दगडी पायऱ्या नदीत उतरलेल्या; मधे झिजून खोलगट झालेल्या, आणि ओल्या. दिंडीच्या आतल्या खुंटीला तीन चुंबळी अडकवल्या होत्या. चुंबळ म्हणजे घागरीखाली डोक्यावर ठेवायचं चिंध्यांचं वेटोळं. दोन काळ्या पडलेल्या, चेपलेल्या. तिसरी कोरी, हिरव्या लुगड्याची.

तेवढ्यात खालनं घागर कडेवर घेऊन नानासोंची बायको, राहीबाई, आली. पुरुषमाणसं बघून ती पदर सावरायला गेली. पण दोन्ही हात घागरीला, पदर उलट मागंच गेला. टाळूवरचे केस घासून गेले होते.

तात्यानं मान खाली घातली. "वैनी, ही तिसरी कुनाची?"

"येनारीची," राहीबाई म्हणाली. "माजी आन थोरल्या सुनंची टोचाय लागल्यात. म्हनलं, नवी पोर येती, जरा मऊ करावी."

नानासो मागं येऊन उभे होते. तात्या त्यांच्याकडं वळला. "येशीत नळ आलाय न्हवं तुमच्या?"

"आलाय. गढीच्या बायका नळावं रांगंत हुभ्या ऱ्हात न्हाईत."

"मग नळ आत घ्या."

"कुठनं? उंबऱ्याखाली देवाचा टाक पुरलाय, तितं खनायचं न्हाई. ऱ्हायली भित. तोफंनं पडली न्हाई ही भित, पाव्हनं. नळापायी भोक पाडू?"

आम्ही तात्याकडं बघत राहिलो. अर्जुना तर जास्तच. तात्यानं भिंत खालपासून वरपर्यंत एकदा बघून घेतली.

"पाडा," तो म्हणाला. "पानी आत आल्यावं सुपारी फोडू."

"आन न्हाई पाडलं तर?"

"तर गढी बगून झाली. राम राम."

वेस ओलांडल्यावर अर्जुनाला राहवेना. "माज्या दोन पाट्या मातीला अंगावं आलतास, तात्या."

"गप चाल."

दिवाळी गेली, काळडोहचा सांगावा नाही. रंगुबाई तोंड वाजवायची, "भितीसाठी जीव टाकत हुता, आन भितीनंच स्थळ घालवलं!" राजेश्वरीच्या तव्यावरची पहिली भाकरी मात्र बापाच्या ताटात पडायला लागली.

संक्रांत झाली आणि विश्वजीत एकटाच राजदूतवर आला. ओट्यावर बसून खाली बघत बोलला, "आयनं घागर ठिवली. म्हनली, परक्या पाव्हन्याला माजी टाळू दिसली, तुमाला कवा दिसली न्हाई. आन हांडा घिऊन सरळ येशीतल्या नळावं जाऊन हुभी ऱ्हायली. समद्या गावादेखत. वडील जेवलंच न्हाईत त्या दिशी. आज म्हनलं, बोलवा त्या फौजीला. भोक कुठं पाडायचं त्योच दावील."

तात्या स्वतःची पहार घेऊन गेला. दोन बुरजांच्या मधोमध, जोत्याच्या थोडं वर त्यानं जागा धरली, भिंत ढासळू नये अशी. पहिला घाव घालताना थांबला थोडा. मग घातला. नळवाला पाइप धरून दिवसभर बिड्या ओढत बसला.

निम्म्यात गेल्यावर तात्यानं भोकात तोंड घातलं. नानासो मागनं वाकले. एवढा जन्म त्या भिंतीत काढला, पण आत काय आहे ते त्यांनी तरी कुठं बघितलं होतं?

"काय हाय आत?"

"शिंपलं. नदीतलं."

"आन?"

"भुसकाट."

"बास?"

"बास."

"आन आमी सांगत आलो, शिसं वतलंय म्हनून!" नानासो तिथंच मातीत बसले आणि हसायला लागले.

तात्या अंधार पडताना घरी आला. अंगभर माती. राजेश्वरीनं हातपाय धुवायला पाणी दिलं.

"आबा, घर बगितलंसा?"

"बगितलं," तात्या म्हणाला. "पानी हाय."

त्याच आठवड्यात सुपारी फुटली. तिसरी चुंबळ राहीबाईनं खुंटीवरनं काढून चुलीपाशी ठेवली. तिच्यावर आता कालवणाचं पातेलं बसतं.