पोहण्याच्या बाईंच्या अंगावरचे थेंब

पोहायला शिकवणाऱ्या बाईंचा आवाज असा खणखणीत, की बुडी मारलेल्या माणसालाही "पाय हलवा!" ऐकू यावं. त्याच आवाजाने एकदा दगा दिला. घसा धरला, ताप आला; चार दिवस गुळण्या करून बाई पुन्हा तलावावर हजर.

तीन आठवड्यांनी आंघोळ करताना पोटावर लाल ठिपके दिसले. डास चावले असतील, म्हणून त्यांनी सोडून दिलं. आठवडाभरात पाठ, दंड, मांड्या, सगळीकडे मसुरीच्या दाण्याएवढे ठिपके उठले. वर पातळ पांढरा पापुद्रा. थोरल्या बहिणीने फोनवरच निकाल दिला, "पाण्यातलं औषध बाधलं तुला. सोड ती नोकरी!"

बाईंनी लांब बाह्यांचा पोशाख चढवला खरा, पण मानेवरचे ठिपके कुठे लपवणार? सकाळच्या वर्गातल्या बायका हळूच दुसऱ्या कडेला सरकू लागल्या. बाईंच्या ते जिव्हारी लागलं.

त्वचेच्या डॉक्टरांनी ठिपके पाहिले आणि विचारलं भलतंच, "मध्यंतरी घसा दुखला होता का?"

"दुखला होता. पण घशाचा आणि पाठीचा काय संबंध?"

"घशातल्या जंतूंशी लढताना शरीर कधीकधी बिथरतं, आणि कातडी नको इतक्या घाईने वाढायला लागते. हा थेंबांसारखा उठणारा सोरायसिस. कुणालाही लागत नाही."

तपासणीत घशात अजूनही जंतू सापडले. त्यांच्यावर गोळ्या, ठिपक्यांना मलम, शिवाय आठवड्यातून तीनदा दवाखान्यात खास दिव्याच्या प्रकाशात उभं राहायचं.

"बहुतेकांचे ठिपके दोन-तीन महिन्यांत जातात. काहींना पुन्हा येतात, हेही सांगून ठेवते."

"पोहू ना?"

"पोहा की! नंतर साध्या पाण्याने अंग धुवा, मलम चोपडा."

दुसऱ्या दिवशी बाई नेहमीच्या आखूड पोशाखात काठावर उभ्या राहिल्या आणि सगळं घडाघडा सांगून मोकळ्या झाल्या. मग पोस्टातून निवृत्त झालेल्या आजींनी विचारलं, "म्हणजे तुमचं आम्हाला लागत नाही?"

"अजिबात नाही."

"खरंय. सहा महिने झाले, तुमचं पोहणंसुद्धा लागलं नाही मला!"

सगळ्या खो खो हसल्या. आजींनी बाईंचा ठिपकेदार हात घट्ट धरला आणि पाण्यात पाय टाकला.

दहा आठवड्यांनी पाठ-पोट साफ झालं, फिकट डाग तेवढे उरले. नडगीवरचे दोन ठिपके मात्र हटेनात. बाई त्यांना रोज मलम लावतात. उशीर झाला, तर तशाच पाण्यात उडी घेतात.